मोरचूद, चुना आणि फाडलेली वही

*मावशी, मी बारावी सायन्सला आहे. आमचं गाव निफाड तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, 91 टक्के होते. आता नाशिकला कॉलेज रोडच्या मागे तिघी मैत्रिणी खोली घेऊन राहतो. फिजिक्स, मॅथ्स ठीक चाललंय, पण केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. रोज चार-चार तास देते, व्हिडिओ बघते, नोट्स काढते, तरी युनिट टेस्टला 25 पैकी 6 आले. क्लासमध्ये सव्वाशे मुलं. सर विचारतात, ‘समजलं का?’ आणि सगळे ‘हो’ म्हणतात. परवा रात्री अकराला एकच गणित चौथ्यांदा चुकलं तेव्हा मी वही फाडली, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. पप्पांनी बागेच्या पैशातून फी भरलीय, त्यांना मी 18 मार्क सांगितलेत. पेपरचा फोटो पाठवते. सायन्स सोडून आर्ट्सला जाऊ का?*
*– ढ, नाशिक*

अगं मुली,

तुझं पत्र एकदा वाचलं, पण पेपरचा फोटो तीनदा बघितला. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवला, त्यामुळे कुणी रडत आलं की आधी पेपर बघायची सवय लागली आहे. पेपरमध्ये माणूस खोटं बोलत नाही. पत्राखाली तू ‘ढ’ अशी सही केलीस, पण पेपर तसं म्हणत नाही. काय म्हणतो ते सांगते.

दुसरा प्रश्न होता: 4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवून 250 मिलिलिटर द्रावण केलं, तर मोलॅरिटी किती? तू 250 चं 0.25 लिटर केलंस, ते बरोबर. मग 4 ला 0.25 ने भागून 16 लिहिलंस आणि पुढे ‘मोलर’ लावून मोकळी झालीस. अगं, 16 हे उत्तर चुकलेलं नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. एका लिटरमध्ये किती ग्रॅम, तर 16. विचारलं होतं किती मोल. सोडियम हायड्रॉक्साइडचा एक मोल 40 ग्रॅमचा, म्हणून 16 ला 40 ने भागायचं, 0.4 मोलर. एक पायरी गाळलीस. सरांनी वरून लाल रेघ मारली आणि शून्य दिलं. त्यांचंही खरं आहे, सव्वाशे पेपर तपासताना ‘ही मुलगी कुठे अडखळली’ हे बघायला वेळ कुणाला असतो?

आता पाचवा प्रश्न. हा वाचून मी हसले, राग मानू नकोस. 0.005 मोलर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा लहान तितकं जास्त आंबट), काढायचा होता. तू 0.005 चा लॉग घेतलास, चिन्ह बदललंस आणि 2.3 लिहून त्याभोवती चौकट काढलीस. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना. 2.3 पीएच म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतकं आंबट. तुझ्या आजीच्या पानपुड्यातला चुना लहानपणी कधी चाटला असशील, तर जीभ कशी भाजते ते तुला ठाऊक आहे. चुना आंबट असतो असं तुला गावात कुणी सांगितलं असतं, तर तू त्याला वेड्यात काढलं असतंस. पेपरात मात्र तेच स्वतः लिहिलंस आणि वर चौकटही काढलीस! (उत्तर 12 आहे. एका कॅल्शियम हायड्रॉक्साइडमधून हायड्रॉक्साइड आयन दोन निघतात, म्हणून 0.005 चं 0.01 होतं. त्यावरून पीओएच 2, आणि 14 मधून 2 गेले.)

माझ्या मते तुझं सगळं दुखणं या चौकटीत आहे. बागेत वाढलेली जी मुलगी चुना ओळखते, तिला तू परीक्षेच्या हॉलबाहेर उभी केलीस. आत जी बसली, तिला फक्त बटणं दाबता येतात. चार तास अभ्यास तीच करते. म्हणून तास वाढतात आणि मार्क वाढत नाहीत.

यात एकट्या तुझा दोष नाही. ग्लासगो विद्यापीठात अ‍ॅलेक्स जॉनस्टन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. हा विषय मुलांना इतका जड का जातो, याच प्रश्नामागे ते वर्षानुवर्षं होते. 1991 च्या एका लेखात त्यांनी जे मांडलं ते माझ्या भाषेत असं: रसायनशास्त्र म्हणजे तीन मजल्यांचा वाडा. खाली ओट्यावर डोळ्यांना दिसतं ते, निळं पाणी, गाळ, बुडबुडे. वरच्या माडीवर कुणालाच न दिसणारे अणू, रेणू, आयन. आणि तिसऱ्या मजल्यावर नुसती चिन्हं, समीकरणं, आकडे. शिकवणारा एका वाक्यात तिन्ही मजले चढतो-उतरतो, कारण त्याला जिना पाठ असतो. नवं पोर पहिल्या पायरीवरच धापा टाकतं आणि त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. तू सध्या कायमची तिसऱ्या मजल्यावर राहतेस. जिना कुठे आहे हे तुला कुणी दाखवलेलंच नाही.

त्यात भाषेची भर. दहावीत तू ‘द्रावण’ शिकलीस, ‘आम्लारी’ शिकलीस, ‘क्षपण’ शिकलीस. अकरावीत एका सकाळी त्यांची सोल्युशन, बेस आणि रिडक्शन झाली, आणि कुणी सांगितलं नाही की ही तीच मंडळी आहेत, कपडे बदलून आलीत. ‘सोल्युशन’ म्हटलं की मराठी माध्यमाच्या मुलांना गणिताचं उत्तर आठवतं. ‘रिडक्शन’ म्हटलं की काहीतरी कमी होतं असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तिथे इलेक्ट्रॉन येऊन मिळतात. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘बेस’चा अर्थ अख्खं वर्षभर ‘पाया’ धरला होता. हुशार होता बरं का. एक छोटी डायरी घे, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे दहावीच्या पुस्तकातला मराठी, आणि खाली घरात किंवा शेतात दिसणारी एक वस्तू. विचार मराठीत कर, उत्तर इंग्रजीत लिही. यात कमीपणा काही नाही. दोन भाषांत विषय येणारा माणूस व्हायव्हाला परीक्षकासमोर गडबडत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आता मोल. तुझा जिना इथेच तुटलेला आहे आणि तो अकरावीच्या पहिल्याच धड्यात तुटला. अकरावीत अर्धी मुलं ‘एकदाचं क्लास लावलाय ना’ म्हणून पहिला धडा झोपेत काढतात. त्याच्यावरच बारावीचं द्रावण, आयनिक संतुलन, विद्युतरसायन, गतिकी सगळं उभं आहे.

मी स्वतः कितीतरी वर्षं मोल चुकीचा शिकवला, हे कबूल करते. फळ्यावर 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात लिहायचे, व्याख्या सांगायचे, गणितं घालायचे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, मोल असतो कशाचा?’’ वर्ग हसला. मी पण हसले, आणि घरी येऊन लक्षात आलं की तास झाला तरी मी त्याला उत्तर दिलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात बाजार समितीचं बोलले. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबिरीचा, मेथीचा भाव निघतो शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांना इतके रुपये. कोथिंबिरीचा शेकडा आणि कांदापातीचा शेकडा, जुड्या दोन्हीकडे शंभरच, पण टेम्पोत टाकताना वजन वेगळं लागतं. मोल हा रसायनशास्त्राचा शेकडा. फरक इतकाच की अणू इतके बारीक की शंभराने भागत नाही, म्हणून एवढा मोठा आकडा. आणि अणू मोजायला बसता येत नाही, म्हणून वजन करायचं. तांब्याचा शेकडा 63.5 ग्रॅमचा, पाण्याचा 18 ग्रॅमचा, सोडियम हायड्रॉक्साइडचा 40 ग्रॅमचा. कशाचाही शेकडा असतो तसा कशाचाही मोल असतो. तो मुलगा पुढे सातपूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला, दिवाळीला फोन करतो.

आणि मोल कळत नाही म्हणून तू बाथरूममध्ये रडलीस, त्यावर एक ऐक. अ‍ॅव्होगाड्रोने आपलं म्हणणं 1811 मध्ये मांडलं: तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच असतात. जवळजवळ पन्नास वर्षं युरोपातल्या भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, किंवा त्यांनी तिकडे बघितलं नाही. डाल्टनसारखा माणूस पाण्याचं सूत्र ‘एच ओ’ असं लिहायचा, एकच हायड्रोजन! कुणाचं अणुभार काही, कुणाचं काही. 1861 मध्ये केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, तेव्हा वापरात असलेली 19 वेगवेगळी सूत्रं छापली. हाच घोळ निस्तरायला त्याच्या आदल्याच वर्षी, 1860 च्या सप्टेंबरमध्ये, जर्मनीत कार्ल्सरूहे इथे परिषद भरवावी लागली. तिथे इटलीच्या कॅनिझारोने जुनाट म्हणून बाजूला पडलेल्या अ‍ॅव्होगाड्रोची बाजू मांडली. तरुण मेंडेलीव तिथे हजर होता. नऊ वर्षांनी, 1869 मध्ये, त्याने आवर्तसारणी मांडली. अ‍ॅव्होगाड्रो बिचारा 1856 मध्येच गेला होता. तेव्हा ज्या जागी सगळा युरोप पन्नास वर्षं अडला, तिथे तू वर्षभर अडलीस तर आकाश कोसळलेलं नाही.

आता खरी गोष्ट. तुझ्या पत्रात बागेचा उल्लेख फक्त फीच्या पैशांसाठी आलाय. मला मात्र ती बाग वाचल्यापासून डोळ्यांसमोर दिसते आहे, कारण द्राक्षाची बाग म्हणजे उघड्यावरची प्रयोगशाळा. पावसाळ्यात केवड्यासाठी, म्हणजे द्राक्षाच्या पानांवर पडणाऱ्या रोगासाठी, पप्पा बोर्डो मिश्रण फवारत असतील. फ्रान्समधल्या बोर्डो भागात 1880 च्या दशकात मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाने याच केवड्यावर हे मिश्रण शोधलं, आणि त्यातले मुख्य घटक आजही तेच आहेत. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी.

वही घे, नवी घे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्याचे पाच रेणू पोटात घेऊन बसलेलं. तांबं 63.5, गंधक 32, ऑक्सिजनचे चार म्हणून 64, पाण्याचे पाच अठरे 90. बेरीज 249.5, म्हणजे अडीचशेच धर. एक मोल अडीचशे ग्रॅमचा, तर एक किलोत किती? चार. पप्पा टिपाडात चार मोल मोरचूद टाकतात! शंभर लिटरमध्ये चार मोल, म्हणजे 0.04 मोलर. बघ, सूत्र आठवलंस का? नाही. झालं की नाही?

पुढे चल. सोपं करून सांगायचं तर मोरचूदाच्या एका मोलला विरलेल्या चुन्याचा एक मोल पुरतो. चार मोलला चार. कळीच्या चुन्याचा मोल 56 ग्रॅमचा, चार मोल म्हणजे 224 ग्रॅम. मग पप्पा एक किलो का टाकतात? त्यांना विचार. ते म्हणतील, चुना कधी जुना असतो, हवा लागून मेलेला असतो, म्हणून. बरोबर बोलतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट झालेला असतो, त्यात जोर राहत नाही. शिवाय तांबं थोडंही मोकळं उरून चालत नाही, पानं करपतात. म्हणजे चुना जास्त ठेवायचा आणि मोरचूद आधी संपला पाहिजे. तुझ्या पुस्तकात ‘लिमिटिंग रिएजंट’ नावाचं जे भूत आहे ना, ते हेच. तू बहुतेक त्या पानावर तीन रंगांचे हायलायटर फिरवले असशील.

आणि मिश्रण जमलं की नाही हे शेतकरी कसं बघतो? लोखंडी चाकू किंवा विळा त्यात थोडा वेळ बुडवतो. पातं लालसर झालं तर तांबं मोकळं आहे, अजून चुना घाला. पातं आहे तसं राहिलं तर फवारा. आता या लाल रंगाकडे तिन्ही मजल्यांवरून बघ. ओट्यावर उभी राहिलीस तर पात्यावर तांबूस थर. माडीवर गेलीस तर लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो आणि पाण्यातला तांब्याचा आयन ते दोन घेऊन पात्यावर बसतो. तिसऱ्या मजल्यावर तेच एका ओळीचं समीकरण. इलेक्ट्रॉन घेतले ते क्षपण, सोडले ते ऑक्सिडीकरण. तुझा विद्युतरसायनाचा धडा याच पात्यापासून सुरू होतो. पुढे कोऑर्डिनेशन कंपाउंडमध्ये हेच तांबं अमोनिया मिळाल्यावर गर्द निळं होऊन भेटेल, आणि सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्येही. तोपर्यंत तुमची ओळख झालेली असेल.

(हातमोजे घाल. मोरचूद विषारी आहे, डोळ्यात गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. चुना विरताना पाणी उकळतं, भांड्यावर वाकून बघू नकोस. आणि मोरचूदाचं द्रावण लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात करायचं नाही. का, ते वरच्या परिच्छेदावरून तूच सांगशील.)

तुझे पप्पा जीएचं, म्हणजे द्राक्षांवर फवारायच्या जिब्रेलिक आम्लाचं, द्रावण करतानाही बघ. एक ग्रॅम पावडर आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवतात, कारण पाण्यात ती नीट विरघळत नाही, मग शंभर लिटर पाण्यात टाकतात. ‘दहा पीपीएम झालं,’ म्हणतात, म्हणजे दहा लाख भागांत दहा. कागद न घेता म्हणतात. जी मोजमापं तुला नाशिकच्या खोलीत घाम फोडतात ती तुझ्या घरात कुणी दहावीला बसण्याआधीपासून रोज होतात.

आता अभ्यासाचं. आठ दिवस पुढचा एकही धडा वाचू नकोस. हे ऐकून तुझ्या पोटात दुसरा गोळा येईल, कारण क्लास पुढे पळतोय. पळू दे. अकरावीचा पहिला धडा काढ, रोज पाच गणितं सोडव, जास्त नाही. प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिही, ग्रॅम असेल तर ग्रॅम, मोल असेल तर मोल. भागताना एककंही भाग. तुझ्या त्या 16 पुढे तू ‘ग्रॅम प्रति लिटर’ लिहिलं असतंस तर तुझा पेन आपोआप थांबला असता. आणि उत्तर आल्यावर चौकट काढण्याआधी दहा सेकंद थांब आणि स्वतःला विचार, हे खरं असू शकतं का? चुना आंबट असू शकतो का? या एका सवयीने माझ्या कितीतरी मुलांचे चार-पाच मार्क वाचलेत.

व्हिडिओ बंद कर, निदान आठ दिवस. व्हिडिओवाला गणित सोडवतो, तुला सगळं पटतं, मान डोलते, आणि कळलं असं वाटतं. दुसऱ्याने पोळी लाटताना बघून पोळी गोल होत नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिता आलं तेवढंच आपलं. नोट्स काढणं तर मी त्याहून वाईट मानते. सुंदर अक्षरात, रंगीत रेघा मारून पुस्तकाचं पुस्तक उतरवायचं, चार तास गेल्याचं समाधान मिळतं आणि डोक्याला कणभर त्रास होत नाही. तुझे चार तास असेच गेले असणार. दीड तास कर, पण हात कोऱ्या कागदावर असू दे.

ऑरगॅनिक आत्ता शिवू नकोस. दिवाळीनंतर त्याला बसायचं आणि तेव्हा अभिक्रियांच्या याद्या पाठ करायच्या नाहीत, इलेक्ट्रॉन कुठून निघाला आणि कुठे गेला एवढंच बघायचं. त्यावर हवं तर तेव्हा लिही.

प्रात्यक्षिकाला दांडी मारू नकोस. क्लासची मुलं मारतात, मला माहीत आहे, ‘जर्नल कुणाचं तरी उतरवू’ म्हणतात. बोर्डाच्या शंभरापैकी 30 मार्क तिथे आहेत, पण मी मार्कांसाठी सांगत नाही. ब्युरेटमधून परमँगनेटचा एकेक थेंब पडतो, प्रत्येक थेंबाचा रंग उडून जातो, उडून जातो, आणि मग एका थेंबाला फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी होऊन तसंच राहतं. तो थेंब म्हणजे मोलचा हिशोब बरोबरीत सुटल्याचा क्षण. तो डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीला टायट्रेशनचं गणित परकं वाटत नाही. मी एफवायला असताना बोटांवर सिल्व्हर नायट्रेट सांडलं होतं. चार बोटं काळी पडली, आठवडाभर जाईनात. आईला वाटलं, कुठे मेंदी बिघडवून आली. चांदीच्या क्षारांवर उजेड काय करतो हे मला त्यानंतर कधी पाठ करावं लागलं नाही.

सरांना सव्वाशे मुलांत हात वर करून विचारायची हिंमत होत नसेल तर नको विचारूस. गणित सोडव, अडशील तिथे रेघ मार, खाली लिही, ‘इथपर्यंत कळलं, ही पायरी कशी आली ते कळलं नाही.’ कॉलेजच्या शिक्षकांना मधल्या वेळेत ती वही दाखव. ‘मला केमिस्ट्री कळत नाही’ याला कुणाकडेच उत्तर नसतं, माझ्याकडेही नव्हतं. एका रेघेला मात्र दोन मिनिटांत उत्तर मिळतं. लॅब असिस्टंटशीही ओळख ठेव, वर्षानुवर्षं तीच द्रावणं करणाऱ्या त्या माणसांना पुष्कळ ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही.

त्या रात्रीचं बोलू. अकरा वाजता, चौथ्यांदा चुकल्यावर, पाचव्यांदा करायचंच नव्हतं. तिसऱ्यांदा चुकलं की मी मुलांना उठवायचे. डोकं तेव्हा तीच चूक गिरवत असतं. जेवली होतीस का गं त्या दिवशी? खोलीवर राहणाऱ्या मुली अभ्यास वाढला की आधी मेसचा डबा अर्धा परत पाठवतात, हे मी ओळखून आहे. दोनदा चुकलं की पेन ठेव, मैत्रिणींना घेऊन खाली चक्कर मार, कॉलेज रोडवर रात्री पण जाग असते. सकाळी तेच गणित पुन्हा घे. वही फाडलीस ते काही पाप केलं नाहीस. मी एकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा भिंतीवर फेकला होता, विद्यार्थ्यांच्या.

पण रडणं रोजचं झालं, झोप येईना, किंवा ‘आपण नसलेलंच बरं’ असला विचार मनात डोकावला, तर त्याला केमिस्ट्री समजून बसू नकोस. तो विचार एकटीने सांभाळायचा नसतो. त्याच क्षणी मैत्रिणीला उठव, घरी फोन कर, आणि 14416 हा टेलीमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पप्पांना खरे मार्क सांग. फोनवर नको. गणपतीला घरी जाशील तेव्हा बागेत, ते पंप धूत असताना. ‘18 नव्हते, 6 होते, आणि का आले ते मला आता कळलंय’ असं सांग, आणि पेपर दाखव. चुन्याचा पीएच 2.3 लिहिला हे ऐकून ते हसतील. बागेत एका वर्षी अवकाळी गारा पडल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा छाटणी घेणारा माणूस आहे तो, 6 मार्कांनी मोडायचा नाही. तुला भीती त्यांच्या रागाची नाही, त्यांच्या चेहऱ्याची आहे. ते मी समजू शकते, पण 18 चा आकडा प्रत्येक टेस्टला सांभाळत बसायचा म्हणजे केमिस्ट्रीपेक्षा अवघड विषय झाला.

आर्ट्सचं विचारलंस. आर्ट्स ही पळून जायची जागा नाही. तुला इतिहास, भाषा मनापासून आवडत असतील तर आजच जा, मी तुझ्या पप्पांशी बोलेन. पण तुझ्या तीन पानी पत्रात आर्ट्समधल्या एकाही विषयाचं नाव नाही, नुसतं ‘सोडू का’ आहे. म्हणून माझं मत, पुढची युनिट टेस्ट होऊ दे. मोल पक्का झाल्यावरही हा विषय नकोसा वाटला तर तो निर्णय तुझा, तेव्हा बिनधास्त घे.

आणि हो, चाकूचं. घरातला भाजी चिरायचा चाकू स्टेनलेस स्टीलचा असेल तर तो घेऊन उपयोग नाही, त्यावर लाली लवकर धरत नाही. गोठ्यात कुठेतरी जुना लोखंडी विळा पडला असेल, तो आधी विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत कर. एकदा चुना घालण्याआधीच्या मोरचूदाच्या पाण्यात बुडव, एकदा तयार बोर्डोत. दोन्ही वेळचा रंग डायरीत लिहून ठेव आणि मला कळव.

– मावशी